ओवाळणी आणि मजुरी

भाऊबीजेला बहीण ओवाळते आणि भाऊ तबकात काही टाकतो. किती टाकावे याला नियम नाही. कोणी नोट टाकतो, कोणी लुगडे ठेवतो, कोणाची ओढगस्त असली तर सव्वा रुपया आणि सुपारी यांवर भागते. आणि बहिणीला ते कमी वाटत नाही. ओवाळणीची सारी गोडी या बेहिशेबीपणात आहे. ती मागायची नसते, मोजायची नसते, आणि कमी पडली म्हणून बोलून दाखवायचे तर मुळीच नसते. तबक देवापाशी नेऊन ठेवल्याशिवाय त्यातली नोट उलगडून पाहायची नाही, असा माझ्या आईचा दंडकच होता.

मजुरीची रीत नेमकी याच्या उलट. ती मोजून द्यायची, मोजून घ्यायची, आणि दहा रुपये कमी भरले तर दारात उभे राहून मागायची. मागणाऱ्याला त्यात कमीपणा नाही. न मागताच जो परत जातो, त्याच्याविषयी उलट आपण म्हणतो, की बिचारा भिडस्त आहे.

दोन्ही रीती चांगल्या आहेत. एकीवाचून घर चालणार नाही आणि दुसरीवाचून गाव चालणार नाही. पंचाईत होते ती या दोहोंची गल्लत केली म्हणजे. महाराष्ट्र सरकार अंगणवाडीतल्या सेविकांना दिवाळीसाठी दोन हजार रुपये देते आणि सरकारी कागदावर त्या रकमेचे नाव 'भाऊबीज भेट' असे असते. ते नाव मी प्रथम वाचले तेव्हा मला बरे वाटले. सरकारला भाऊ होण्याची बुद्धी झाली, हे काही थोडे नाही. मग हळूच एक शंका मनात आली. भावाजवळ थकलेला पगार मागायचा तरी कसा?

त्या शंकेने पुढे माझ्याच घराचे दार ठोठावले. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेख लिहायला बसलो आहे.

माझी सारी नोकरी मास्तरकीत गेली आणि तिची शेवटची वर्षे मुलचेऱ्यात. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा हा जंगलातला तालुका. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा काढला, त्याआधी हे सारे चांद्याचेच रान. इथे गोंडी आणि माडिया बोलणारे लोक आहेत, तेलुगू बोलणारे आहेत, झाडीची मराठी आहे. आणि सुंदरनगर, विवेकानंदपूर अशा नावांच्या वस्त्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची बंगालीही कानांवर पडते. पावसाळ्यात धान, उन्हाळ्यात तेंदूपाने, आणि मध्ये मिरची तोडायला तेलंगणात जाणे, असा इथल्या गरिबांच्या वर्षाचा क्रम. ताप आला की इथला माणूस पहिल्याने हिवतापाचे नाव घेतो.

२०२० च्या मार्चमध्ये सारे बंद झाले तेव्हा मिरची तोडायला गेलेली माणसे तिकडे अडकली. पुढे ती जंगलवाटांनी पायी परतू लागली. गावोगावी लोकांनी रस्त्यावर लाकडे आडवी टाकून शिवा बंद केल्या होत्या. परतलेल्यांना शाळांतून चौदा चौदा दिवस ठेवण्यात आले. ज्या वर्गात मी पाढे शिकवले, तिथे माझेच जुने विद्यार्थी सतरंजीवर पडून दिवस मोजत होते. वयामुळे मला घरी राहायला सांगितले होते. मी घरी राहिलो. पगार दर महिन्याला येत होता.

आणि गावातून फिरत होती ती आशा. वाचकांना ही बाई ठाऊक असेलच. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य योजनेत गावागावातून एकेक बाई निवडली गेली. गरोदर बायांना दवाखान्यात न्यायचे, बाळंतिणीकडे फेऱ्या घालायच्या, तापकऱ्याचे रक्त काचपट्टीवर घ्यायचे, मुलांना लसीसाठी गोळा करायचे. तिच्या कामाचा एक मोठा भाग तर आमच्याच जिल्ह्याने देशाला दिलेला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत गावच्याच बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तिथल्या नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, असा त्यांचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि २०११ पासून देशभरच्या आशा तेच काम करू लागल्या. बाळ दवाखान्यात जन्मले तर बेचाळीस दिवसांत घरी सहा फेऱ्या. पुस्तकी विद्वानांना जे साधले नाही ते चौथी-आठवी शिकलेल्या बायांनी करून दाखवले, असे मी वर्गात अभिमानाने सांगत असे.

आमच्या गल्लीतली आशा माझी विद्यार्थिनी नव्हे. ती लग्न होऊन या गावात आली. पण तिच्या नवऱ्याला मी शिकवले होते, म्हणून मी तिचाही गुरुजी. तिची सासू आमच्याकडे अकरा वर्षे धुणीभांडी करत होती. या साथीत आशाच्या गळ्यात आणखी कामे पडली. बाहेरून कोण आले ते लिहून घेणे, बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजणे, ज्या घरात रोगी सापडला त्या घराच्या दारावर कागद चिकटवणे. १५ सप्टेंबर २०२० रोजी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली, तेव्हा ही बाई सकाळपासून दुसऱ्यांची कुटुंबे मोजत हिंडे, आणि तिचे स्वतःचे कुटुंब सासूच्या जबाबदारीवर असे.

या जादा कामासाठी केंद्राने महिन्याला १,००० रुपये ठरवले होते. दिवसाला 33 रुपये.

ऑक्टोबरात तिला ताप आला. तिने आपल्याच बोटाला सुई टोचून हिवतापाची तपासणी केली. हिवताप निघाला नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कोरोना निघाला. ज्या हाताने तिने वीसेक दारांवर कागद चिकटवले होते, त्याच हाताने तिने तो आपल्या दारावर चिकटवून घेतला. नवऱ्याची रोजंदारी बंद झाली. सासूला आम्ही निरोप पाठवला, की आम्ही सांगेपर्यंत येऊ नका. तिसऱ्या दिवशी मी तांदूळ, तुरीची डाळ, तेलाची पिशवी आणि बटाटे असा जिन्नस बांधून त्यांच्या कुंपणाच्या खुंटाला लटकावून आलो. लांबून हाक मारली. आतून "बरं जी" असे उत्तर आले. खोटे कशाला सांगू, तो सबंध दिवस मला स्वतःविषयी फार चांगले वाटत होते.

सगळे बरे झाले. सासू कामावर येऊ लागली. महिना संपला तेव्हा आमच्या सौ.नी तिला निम्मे पैसे दिले, कारण निम्मे दिवस ती आली नव्हती. तिने ते पदराच्या गाठीला बांधले. त्यावर कोणीही काही बोलले नाही. मुळात यात काही बोलण्यासारखे आहे असे आम्हा तिघांपैकी कोणालाच वाटले नाही.

भाऊबीजेच्या सकाळी आशा यंत्र घेऊन ओसरीवर आली. सौ.नी तिला फराळाची ताटली दिली. चिवडा खाता खाता ती आपली वही चाळू लागली. त्यात तिच्या कामांची नोंद होती. या कामाला इतके, त्या कामाला तितके, असा तिचा मोबदला. रक्ताच्या एका काचपट्टीचे 15 रुपये, बाळाच्या सगळ्या फेऱ्या पुऱ्या झाल्या तर 250. ऑक्टोबरच्या पानावर तिने मधोमध एक आडवी रेघ ओढली होती आणि खाली काहीच नव्हते. मी विचारले, "हे काय?" ती म्हणाली, "ते चवदा दिवस जी." एका बाळाच्या उरलेल्या फेऱ्या शेजारच्या आशाने केल्या होत्या, काचपट्ट्या झाल्याच नव्हत्या.

मग तिने सहज विचारले, "गुरुजी, शाळा तं मार्चपासून बंद हाय. तुमचा पगार?"

"चालू आहे."

"घरी राहून?"

"हो."

ती हसली. "म्हणजे घरी राहाचेबी पैसे भेटते!"

त्या हसण्यात टोमणा नव्हता. एखादी नवी माहिती कळावी तसे ते हसणे होते. ती ताटली विसळून ठेवून निघून गेली आणि तिचे ते वाक्य माझ्या ओसरीवर राहिले.

घरी राहण्याचे पैसे मिळतात का? मिळावेत का? प्रश्न दिसायला सोपा आहे. काम नाही तर दाम नाही, हा व्यवहार कोणालाही समजतो. पण साथीच्या दिवसांत घरी राहणे म्हणजे काम न करणे काय? आमच्याकडे धान पोटरीत आले की रानडुकरे येतात. शेतकरी मचाण बांधतो आणि राखणीला माणूस बसवतो. तो रात्रभर बसून राहतो. रानडुक्कर आले नाही तर सकाळी त्याची मजुरी कोणी कापत नाही. उलट, काही घडले नाही याचीच ती मजुरी असते. चौदा दिवस दाराआड बसलेली बाई हीही राखणीवरच बसलेली असते. ती बसली म्हणून तिच्या यादीतल्या बाळंतिणीच्या घरी रोग गेला नाही. हे काम डोळ्यांना दिसत नाही, कारण ते नीट झाले म्हणजे काहीच होत नाही.

ही काही मी लावलेली नवी युक्ती नव्हे. जुन्या सरकारी नियमांत 'क्वारंटाइन रजा' नावाची एक रजा होती. नोकराच्या घरात देवी, प्लेग, पटकी यांसारखा सांसर्गिक रोग शिरला आणि त्याला कचेरीत येऊ नको असा हुकूम झाला, तर त्याला एकवीस दिवसांपर्यंत, आणि फारच झाले तर तीस दिवसांपर्यंत ही रजा मिळे. ती त्याच्या हक्काच्या रजेतून वजा होत नसे. तो कामावर गैरहजर आहे असे मानले जात नसे आणि त्याचा पगार तुटत नसे. गंमत अशी, की नोकर स्वतः आजारी पडला तर मात्र ही रजा मिळत नसे. त्याला आपली नेहमीची रजा खर्ची घालावी लागे. प्रथम हे मला विपरीत वाटले. धडधाकट माणसाला भर पगार आणि आजाऱ्याला त्याची स्वतःची रजा! पण विचार केला तेव्हा त्यातली न्यायबुद्धी दिसली. आजार हा ज्याचा त्याचा. पण 'तू येऊ नकोस' हा हुकूम इतरांच्या जिवासाठी काढलेला असतो. आणि ज्यांच्यासाठी एखाद्याला अडवले, त्यांनी त्याची झीज भरून द्यायची. परक्या सरकारच्या अमलातल्या कारकुनी नियमालाही हे कळत होते.

अर्थात् तो नियम कारकुनासाठी होता. कचेरी झाडणाऱ्या रोजंदारीवरच्या माणसाला कोण रजा देतो? आणि याही साथीत तसेच झाले. केंद्र सरकारने ७ जून २०२१ रोजी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आदेश काढला. कोरोना झालेल्याला वीस दिवसांची रजा आणि घरातले आईबाप किंवा अवलंबून असलेले माणूस आजारी असले तर पंधरा दिवसांची विशेष नैमित्तिक रजा. आदेश उत्तम होता, आणि मागच्या तारखेपासून लागू केला हे तर फारच चांगले झाले. पण रजा मिळायला आधी हजेरीपट असावा लागतो. आशेला हजेरीपट नाही. ती सरकारची नोकर नाही, ती 'स्वयंसेविका'. तिला पगार नाही, 'मोबदला' किंवा 'मानधन' आहे.

मानधन! केवढा भारदस्त शब्द. व्याख्यात्याला शाल-श्रीफळ देताना तो शोभतो, कारण व्याख्याता त्यावर पोट भरत नाही. पण जी बाई रोज सकाळी डबा बांधून निघते, जिला कामाची यादी वरून येते, जिच्या चुकीचा जाब विचारला जातो, तिच्या मजुरीला मानधन म्हटले की त्या शब्दातला मान आपल्या पदरात पडतो आणि धन तिच्या पदरातून निसटते. ओवाळणीसारखेच ते मोजता येत नाही आणि मागता येत नाही. अशा योजनांत राबणाऱ्या बायांना कामगार म्हणावे आणि किमान वेतन द्यावे, अशी शिफारस २०१३ साली पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने केली होती. साथ आली ती त्यानंतर सात वर्षांनी. तोवर शब्द तोच होता.

एक गोष्ट मात्र सरकारने तत्परतेने केली, आणि ती नोंदवली पाहिजे. मार्च २०२० मध्येच कोरोनाशी लढणाऱ्या आरोग्यसेवकांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर झाला आणि त्यात आशाही होत्या. पण हा विमा मृत्यूचा. आशा मेली तर घराला पन्नास लाख. ती तापाने फणफणून चौदा दिवस पडून राहिली आणि जगली, तर वहीत आडवी रेघ. मरणाची किंमत आपल्याला करता येते. जगून राहिलेल्या माणसाच्या दोन आठवड्यांचा भात कसा शिजावा, याचा हिशेब सुचत नाही. कारण मरणापुढे आपण हात जोडतो. तापापुढे कोण जोडतो?

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. माझे एक स्नेही म्हणाले, "घरी बसण्याचे पैसे दिले तर उद्या सगळेच तापाचे सोंग घेतील." घेतील, काही घेतील. आम्ही नोकरदारांनी 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' असे लिहून किती पुतण्यांची लग्ने उरकली आहेत, ते मला ठाऊक आहे. तेवढ्यावरून आमची रजा कोणी काढून घेतली नाही. आणि उलटी बाजू पाहा. खोट्या रजेने सरकारचे दोन-चारशे रुपये जातील. पण रजा नाही म्हणून आशेने खरा ताप लपवला आणि ती आणखी तीस घरे फिरली, तर काय काय जाईल? जिला ताप लपवणे परवडते आणि सांगणे परवडत नाही, तिच्या हाती आपण गावाचे आरोग्य सोपवतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याचे दुकानच बंद पडले त्या लहान मालकाने पैसे कोठून आणायचे? २९ मार्च २०२० रोजी केंद्राने हुकूम काढला, की बंदच्या काळात मालकांनी कामगारांची मजुरी न कापता द्यावी. मालक न्यायालयात गेले, हुकूम १८ मेपासून उरला नाही, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना आपसांत बोलून मार्ग काढायला सांगितले. ज्याच्या गल्ल्यात काही नाही त्याच्या डोक्यावर सगळ्या गावाच्या सुरक्षेचा भार टाकणे न्यायाचे नाही, हे मला पटते. पण त्यावरून भार मजुराने उचलावा असे कसे निघते? त्यावरून निघते एवढेच, की ज्यात सगळ्यांचे हित, त्याचा खर्च सगळ्यांचा. डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना प्रा. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना १९४४ साली मांडली. तिच्यातून १९४८ चा कायदा झाला आणि कारखान्यातल्या विमेदार कामगाराला आजारपणात मजुरीचा मोठा हिस्सा मिळू लागला. मालक थोडे देतो, कामगार थोडे देतो, आणि आजारी पडलेल्याचे घर चालते. वाट ठाऊक नव्हती असे नाही. ती कारखान्याच्या फाटकापाशी थांबली होती.

इंग्लंडमध्ये ईम नावाचे एक खेडे आहे. १६६५-६६ मध्ये तिथे प्लेग शिरला तेव्हा गावकऱ्यांनी ठरवले, की रोग बाहेर जाऊ द्यायचा नाही. कोणी शिवेबाहेर पाऊल टाकायचे नाही. पुष्कळ माणसे मेली. या त्यागाची कथा सगळे सांगतात. पण तिच्यातली अर्धी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. शेजारच्या लोकांनी त्या गावाच्या शिवेवर धान्य आणून ठेवले. आणि ईमच्या माणसांनी त्याचे पैसे दगडाच्या खळग्यात व्हिनेगर ओतून त्यात ठेवले. आत राहिलेल्यांनी रोग अडवला आणि बाहेरच्यांनी त्यांचे पोट अडू दिले नाही.

माझ्या आजोळी पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा निघे. वाजतगाजत तो ओढत न्यायचा आणि पुढल्या गावाच्या शिवेत सोडून यायचा. पुढल्या गावाने तो त्यापुढे ढकलायचा. लहानपणी मला वाटे, शेवटच्या गावाचे काय होत असेल? आता आपण शिकलो. रोग असा ढकलता येत नाही हे आपल्याला कळते. पण रोगाचा खर्च आपण अजून तसाच ढकलतो. सरकार कंत्राटदारावर, कंत्राटदार मजुरावर. आणि शेवटचे गाव म्हणजे कुठल्या तरी झोपडीतली, दारावर कागद चिकटवलेली बाई.

एक आक्षेप उरला, आणि तो घेणारे लोक मनाने चांगले असतात. ते म्हणतात, सेवेला पैशाचे मोल लावले की सेवेचे पावित्र्य जाते. सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने १० मार्चला वारल्या. त्यांनी का मजुरी मागितली होती? नव्हती मागितली. म्हणूनच तर आपण हात जोडतो. पण सावित्रीबाईंना कोणी हुकूम केला नव्हता. त्याग स्वतःचा करता येतो. दुसऱ्याच्या त्यागाचा हुकूम काढला की त्याला आमच्या या रानात एक जुना शब्द आहे: वेठ. साहेबाचा मुक्काम पडला की पाणी भरायचे, लाकडे फोडायची, आणि शेवटी 'चांगले काम केलेस' एवढे ऐकून घरी जायचे, ही वेठ इथल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. २०२० मध्ये आपण थाळ्या वाजवल्या. मीही वाजवली. मनापासून वाजवली. पण थाळीच्या नादाने कोणाची थाळी भरत नाही.

हे सगळे विचार मी एका दिवसात केले असे वाचकांनी समजू नये. मी ते टाळत होतो. १५ जून २०२१ रोजी राज्यातल्या सत्तर हजारांच्या घरातल्या आशा संपावर गेल्या. पारावर लोक म्हणू लागले, "रोगाच्या दिवसांत संप? ही का रीत झाली?" मीही मान डोलावणार होतो. मान हलली असती तर हा लेख झाला नसता. पण ऐन वेळी ते वाक्य आठवले: 'घरी राहाचेबी पैसे भेटते!' आणि त्याच क्षणी, इतके महिने जे डोळ्यांपुढे होते ते दिसले. सरकारचा न्याय मी करत बसलो होतो. आणि माझ्याच घरात एक बाई माझ्या सांगण्यावरून, माझ्या जिवासाठी, चौदा दिवस घरी राहिली होती. तिचे निम्मे पैसे मी कापले होते. मी काही दुकान बंद पडलेला मालक नव्हतो. माझा पगार पुरता येत होता.

संध्याकाळी मी कागद घेऊन हिशेब मांडला. कापलेली मजुरी पाचशे रुपये. कुंपणाला लटकवलेला किराणा साधारण साडेतीनशेचा. म्हणजे माझ्या दातृत्वात मला दीडशे रुपये सुटले होते. शिवाय दिवसभराचे समाधान फुकट.

संप आठवडाभर चालला. २३ जूनला तो मिटला. आशांना महिन्याला हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोरोना भत्ता ठरला. पुढच्या वर्षी, २०२२ च्या मे महिन्यात, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा सन्मान केला. गल्लीतल्या आशेला मी ते वर्तमानपत्र दाखवले. तिने फोटो पाहिला, वाचून घेतले आणि विचारले, "याच्यात रजेचं काही लिवलं हाय का जी?"

पण मी सांगत होतो ती गोष्ट त्याआधीची. हिशेब मांडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सासू भांडी घासून निघाली तेव्हा मी तिच्यापुढे पाचशे रुपये धरले. तिने हात पुढे केला नाही. "हे कशाचे जी? सण तं नाही."

मी म्हणालो, "मागल्या ऑक्टोबरचे राहिलेले. आम्ही येऊ नका म्हटले होते ना, त्या दिवसांचे."

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने ओले हात पदराला पुसले, नोटा घेतल्या, आणि दारातच उभी राहून एक एक करून मोजल्या. अकरा वर्षांत माझ्यासमोर तिने पैसे मोजले ते पहिल्यांदाच. मोजून झाल्यावर "बरोबर हाय" म्हणाली आणि गेली. मला कोणी इतका मोठा मान त्याआधी दिल्याचे आठवत नाही.

दर दिवाळीला आमच्या सौ. तिला लुगडे देतात. ते ती मोजत नाही. घडी तशीच कपाळाला लावते.